जेटीच्या पाइलची भोवरा-कंपने: रिड्यूस्ड ऑर्डर मॉडेल मधल्या वेगांना का फसते?

प्रश्न: खाडीकाठचा (फोंडा)

नमस्कार. गोव्यातल्या जुवारीच्या खाडीत उभी राहू शकेल अशा एका कल्पित जेटीची एकच पोलादी पाइल (तळात ठोकलेला खांब) घेऊन, भरती-ओहोटीच्या प्रवाहात मागे सुटणाऱ्या भोवऱ्यांमुळे ती कशी कंप पावेल, याचा अभ्यास मी पदव्युत्तर प्रबंधासाठी करत आहे. पाइल ठोकून झाली आहे, परंतु वरचा पाइल-कॅप (माथ्यावरचा काँक्रीटचा ठोकळा) अजून ओतलेला नाही, ही बांधकामाच्या मधली अवस्था मी मुद्दाम निवडली आहे, कारण त्या काळात पाइलचा माथा पूर्णपणे मोकळा असतो आणि तिची नैसर्गिक वारंवारता सर्वांत कमी असते. बाह्य व्यास ६०० मिलिमीटर, पत्र्याची जाडी १२ मिलिमीटर, चिखलातल्या आभासी स्थिरबिंदूपासून मोकळी लांबी २५ मीटर आणि आत पाणी भरलेले, अशी मापे धरली आहेत. भोवतालच्या पाण्याचे अतिरिक्त वस्तुमान मिळवल्यावर पहिली नैसर्गिक वारंवारता ०.४६ हर्ट्झ येते. प्रवाहाचा वेग मी सेकंदाला ०.४ ते १.४ मीटर या टप्प्यात बदलतो.

पूर्ण सिम्युलेशनसाठी द्रवाच्या बाजूला ओपनफोम (के-ओमेगा एसएसटी या प्रक्षोभाच्या, म्हणजे टर्ब्युलन्सच्या, प्रतिमानासह), संरचनेच्या बाजूला कॅल्क्युलिक्स आणि दोहोंना जोडण्यासाठी प्रीसाइस वापरले आहे. पाइलच्या लांबीवर ठरावीक खोलींना द्विमितीय पट्ट्या घेतल्या असून प्रत्येक छेदाला प्रवाहाला आडवे हलण्याची मोकळीक दिली आहे. एका वेगाच्या एका सिम्युलेशनलाच संगणकाचे कित्येक दिवस लागतात. मला तर अखेरीस थकवा, म्हणजे फटीग, काढायचा असल्यामुळे कित्येक भरती-ओहोट्यांचा हिशेब हवा आहे, आणि तो या मार्गाने होणे शक्य नाही. म्हणून १.०, १.२ आणि १.४ या वेगांचे स्नॅपशॉट (क्षणाक्षणाची प्रवाहचित्रे) घेऊन पीओडीने मोड, म्हणजे त्यांतले सर्वाधिक ऊर्जेचे आकृतिबंध, काढले आणि गॅलर्किन प्रक्षेपणाने, म्हणजे मूळ समीकरणे त्या मोडांपुरती उतरवून, लहान (रिड्यूस्ड ऑर्डर) मॉडेल बांधले. आठ मोडमध्ये ९९.९ टक्के ऊर्जा येते.

अडचण अशी आहे की ज्या वेगांवर मॉडेल शिकवले, त्या वेगांनाही सुरुवातीची काही आवर्तने नीट जुळतात आणि मग कंपविस्तार सावकाश वाढत जातो. १.३ साठी मी १.२ आणि १.४ च्या मोडची सरासरी घेतली, तर कंपविस्तार पूर्ण सिम्युलेशनच्या जेमतेम निम्मा येतो आणि लॉक-इनही (भोवरे पाइलच्याच वारंवारतेने सुटत राहणे) सुटते. मोडची संख्या वीसपर्यंत नेल्यावर परिस्थिती सुधारण्याऐवजी बिघडली. मोड आणखी वाढवावेत, की गॅलर्किन सोडून न्यूरल नेटवर्ककडे वळावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: भोवरा (सांकवाळ)

आपण मापे दिलीत हे फार बरे झाले. बहुतेक प्रश्नांत तीच नसतात. मोडच्या संख्येकडे नंतर वळू. त्याआधी एक गोष्ट पाहा. आपले स्नॅपशॉट एसएसटी प्रतिमानातून आले आहेत, म्हणजे त्या प्रवाहात रेणवीय श्यानतेच्या (पाण्याच्या मूळ चिकटपणाच्या) कितीतरी पट मोठी प्रक्षोभ-श्यानता काम करत आहे. प्रक्षेपण मात्र, आपल्या वर्णनावरून वाटते त्याप्रमाणे, नुसत्या नेव्हिअर-स्टोक्स समीकरणांवर आणि रेणवीय श्यानता धरून केलेले दिसते. तसे असेल तर लहान मॉडेल मोठ्या मॉडेलची समीकरणे सोडवतच नाही. ज्या श्यानतेने ऊर्जा जिरवली जात होती ती काढून टाकल्यावर कंपविस्तार सावकाश वाढत जाणारच. शिवाय मोड कापताना सर्वांत लहान भोवरे गाळले जातात आणि ऊर्जा जिरते ती मुख्यतः त्यांच्यातच, त्यामुळे ही तूट दुहेरी होते. वीस मोडवर परिस्थिती का बिघडली याचाही उलगडा यातून होतो: जादा बारा मोडना ऊर्जा मिळत राहिली, ती जिरवायला मात्र कोणी उरले नाही.

यावर दोन मार्ग आहेत. प्रक्षोभ-श्यानतेच्या क्षेत्राचेही स्वतंत्र पीओडी करून ते मॉडेलात आणणे, हा पहिला. ते पद बहुपदी नसल्यामुळे त्याचे सहगुणक आधी काढून ठेवता येत नाहीत आणि डीईआयएमसारखी तंत्रे लागतात; २०१० मध्ये चतुरांतबुत आणि सोरेन्सन यांनी मांडलेल्या त्या तंत्रात जाळ्याच्या निवडक बिंदूंवरच अरेषीय पद मोजले जाते. दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक मोडला एक जादा अवमंदन-सहगुणक (डॅम्पिंगचा सहगुणक) जोडणे आणि तो स्नॅपशॉटवरून लघुतम वर्गाने बसवणे. प्रबंधाच्या मुदतीचा विचार करता मी दुसराच सुचवीन. तो कमी देखणा आहे, पण चालतो.

आता ९९.९ टक्क्यांविषयी. ती टक्केवारी संपूर्ण जाळ्यावरच्या गतिज ऊर्जेची आहे, आणि तिचा मोठा भाग पाइलच्या मागे व्यासाच्या दहापट अंतरापर्यंत वाहत जाणाऱ्या भोवऱ्यांत साठलेला असतो. पाइल हलते की थांबते हे मात्र तिच्या पृष्ठभागावरचा दाब ठरवतो, आणि त्यातही दाबाचा तो अंश, जो विस्थापनाशी नव्हे तर पाइलच्या वेगाशी समकल (इन-फेज) असतो. हा अंश एकूण बलाच्या मानाने लहान असतो. उरलेल्या ०.१ टक्क्यात तो वाहून गेला तर ऊर्जेच्या आलेखावर काहीच दिसत नाही, पण कंपविस्तार निम्मा होऊ शकतो. म्हणून मोड निवडताना पाइलच्या पृष्ठभागावरच्या बलाची पुनर्बांधणी किती नेमकी होते ते तपासा. दाबाचे मोड वेगळे काढा. स्थिर सीमेच्या प्रश्नांत गॅलर्किन करताना दाबाचे पद बहुधा गळून पडते आणि त्यामुळे ते विसरायची सवय लागते. सीमा हलत असेल तर ते गळत नाही.

सीमा हलते, या गोष्टीने आणखी एक घोळ होतो. जाळे पाइलबरोबर ताणले जात असेल, तर जाळ्यातल्या एकाच क्रमांकाचा बिंदू प्रत्येक स्नॅपशॉटमध्ये अवकाशात वेगळ्या जागी असतो. त्या स्नॅपशॉटमधून निघालेले मोड प्रवाहाचे आणि जाळ्याच्या हालचालीचे मिश्रण असतात. सुदैवाने आपला छेद कडक आहे, तो वाकत नाही, फक्त सरकतो. म्हणून निरीक्षणाची चौकटच पाइलला चिकटवा. जाळे स्थिर राहील, समीकरणात सर्वत्र सारखे असणारे एक प्रवेग-पद वाढेल, आणि बलात विस्थापित पाण्याच्या वस्तुमानाला प्रवेगाने गुणून येणारी दुरुस्ती करावी लागेल. एवढ्या किमतीत जाळ्याची सगळी कटकट संपते. पूर्ण सिम्युलेशनही त्याच चौकटीत पुन्हा चालवावे, असे माझे मत आहे.

कंपविस्तार बदलला की सरासरी प्रवाहही बदलतो, हेही ध्यानात घ्यावे. स्थिर दंडगोलाच्या बाबतीत नोआक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवले की भोवऱ्यांचे मोड कितीही अचूक असले, तरी अस्थिर संतुलित प्रवाह आणि कालसरासरी प्रवाह यांच्यातला फरक एक स्वतंत्र मोड म्हणून घातल्याशिवाय मॉडेल योग्य कंपविस्तारावर स्थिरावत नाही. हा एक मोड आठव्या, नवव्या आणि दहाव्या पीओडी मोडपेक्षा कितीतरी मोलाचा आहे.

मधल्या वेगासाठी मोडची सरासरी घेणे मात्र कृपया थांबवावे. पीओडी मोडचे चिन्ह आणि जोडीतल्या दोन मोडचा क्रम हे दोन्ही ऐच्छिक असतात, १.२ चा तिसरा मोड आणि १.४ चा तिसरा मोड परस्परविरुद्ध चिन्हांचे असतील तर सरासरी शून्याच्या जवळ जाते. चिन्हे जुळवून घेतली तरी सरासरीतून निघालेले सदिश परस्परांना लंब राहत नाहीत. अॅमसॅलम आणि फरहात यांनी २००८ मध्ये विमानांच्या वायुप्रत्यास्थतेसाठी जी पद्धत दिली, तिच्यात एकेका मोडऐवजी मोडांनी व्यापलेल्या संपूर्ण उपअवकाशाचे ग्रासमान पृष्ठावर (अशा सर्व उपअवकाशांच्या गणिती पृष्ठावर) अंतर्वेशन केले जाते, म्हणजे मधल्या वेगाचा उपअवकाश काढला जातो. त्याहून सोपी वाट म्हणजे तिन्ही वेगांचे स्नॅपशॉट एकत्र करून एकच सामाईक पाया काढणे. तीन वेगांसाठी ती पुरेल.

न्यूरल नेटवर्कविषयी इतकेच म्हणतो की वर लिहिलेला एकही दोष त्याने दूर होत नाही. चुकीच्या चौकटीतले स्नॅपशॉट त्यालाही चुकीचेच शिकवतील.

उत्तर: धक्क्यावरचा (वास्को)

वरील उत्तर मी आदराने वाचले आणि त्यातला गणिताचा भाग तपासण्याइतका माझा अधिकार नाही. माझी उमेदीची वर्षे जेटी आणि धक्के बांधण्यात गेली आहेत, त्यामुळे मी मापांकडे आधी पाहतो.

तुमची वारंवारता ०.४६ आणि व्यास ०.६, म्हणजे दोहोंचा गुणाकार ०.२७६. रिड्यूस्ड वेग काढायचा तर प्रवाहाच्या वेगाला या आकड्याने भागावे. १.४ ला तो ५.१ येतो, म्हणजे आडव्या कंपनांच्या ऐन पट्ट्यात, १.० ला ३.६ येतो, म्हणजे त्या पट्ट्याच्या उंबरठ्यावर. तुम्ही शिकवण्यासाठी निवडलेले वेग या दृष्टीने बरोबर आहेत. मात्र पाण्यातल्या पाइल प्रवाहाच्या दिशेनेही हलतात, आणि ती हालचाल रिड्यूस्ड वेग १.२ च्या आसपासच सुरू होते. तुमच्या पाइलसाठी तो वेग सेकंदाला फक्त ०.३३ मीटर! तिथपासून साधारण १ मीटरपर्यंतचा सगळा टप्पा प्रवाहाच्या दिशेतल्या कंपनांचा आहे, आणि तुमच्या सिम्युलेशनमध्ये छेदाला त्या दिशेने हलायची परवानगीच नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या हंबर खाडीत इमिंगहॅम येथील तेल-जेटीच्या बांधकामात मोकळ्या पाइल नेमक्या याच प्रकारे डोलू लागल्या होत्या आणि त्यानंतरच या विषयाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. हवेतल्या चिमणीला हा प्रकार सहसा जाणवत नाही, कारण हवा हलकी असते. तुमच्या पाइलचे आतल्या पाण्यासकट वस्तुमान तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या सुमारे दीडपटच आहे, आणि अवमंदनही थोडे, म्हणून तिला जाणवणारच.

प्रवाहाच्या दिशेतला कंपविस्तार लहान असतो, व्यासाच्या दहा-पंधरा टक्क्यांच्या घरातला. परंतु आपल्याकडच्या भरती-ओहोटीत ०.४ ते १.० चा वेग रोज येतो आणि १.४ चा क्वचित, त्यामुळे थकव्याच्या हिशेबात आवर्तनांची संख्या कोणत्या बाजूला जास्त पडेल हे तुम्हीच ठरवा.

दुसरी गोष्ट पृष्ठभागाची. तुमचा रेनॉल्ड्स अंक (प्रवाहातल्या जडत्वाचे श्यानतेशी गुणोत्तर) तीन लाखांपासून दहा लाखांपर्यंत जातो. गुळगुळीत दंडगोलाचे रोधक बल एकाएकी कोसळते ते साधारण दोन ते पाच लाखांच्या दरम्यान, म्हणजे तुमच्या टप्प्याच्या खालच्या टोकाला प्रवाहाची जातच बदलते. आता ठोकून काही महिने झालेली कोणतीही पाइल ओहोटीच्या वेळी होडीतून जवळ जाऊन पाहा. भरतीच्या रेषेखाली बार्नॅकल आणि कालवांचा थर इतका खरखरीत असतो की हात फिरवला तर रक्त निघते. अशा पृष्ठभागावर हे संक्रमण बरेच आधी उरकते आणि पुढे प्रवाह एकाच जातीचा राहतो. म्हणून खडबडीतपणा धरूनच सिम्युलेशन करा. ते वास्तवाच्या जवळ जाईल आणि माझ्या अल्पमतीप्रमाणे लहान मॉडेललाही एका वेगावरून दुसऱ्या वेगावर जाणे सोपे पडेल.

जाता जाता प्रत्यक्ष कामाची गोष्ट सांगतो, कारण प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत ती विचारली जाईल. पावसाळ्यापूर्वी कॅप ओतणे जमले नाही, तर पाइलचे माथे शेजारच्या पाइलना चॅनल वेल्ड करून तात्पुरते बांधून ठेवतात. माथा बांधला की वारंवारता वाढते आणि हा सगळा प्रश्न मागे पडतो. तुमच्या अभ्यासाचा खरा उपयोग असा, की किती वेगापर्यंत न बांधता चालेल आणि बांधायचेच झाले तर किती ताठरपणा पुरेल, हे त्यातून सांगता यावे.

प्रश्नकर्ता: खाडीकाठचा (फोंडा)

दोघांचेही मनापासून आभार. प्रवाहाच्या दिशेची मोकळीक दिल्यावर शिकवण्याच्या सिम्युलेशनची संख्या बरीच वाढेल, कारण आता ०.४ पासूनचे वेग घ्यावे लागतील. संगणकावर मला मिळणारा वेळ मर्यादित आहे. अशा परिस्थितीत प्रत्येक वेगाला एक याप्रमाणे मुक्त कंपनांची सिम्युलेशने करावीत, की अन्य काही मार्ग आहे? तसेच या प्रश्नासाठी व्हॅन डेर पोल दोलकावर (आपोआप दोलत राहून ठरावीक कंपविस्तारावर स्थिरावणाऱ्या समीकरणावर) आधारलेले तयार मॉडेल पुरेल का, असे मार्गदर्शकांनी विचारले आहे.

उत्तर: अनुनाद (मडगाव)

मुक्त कंपनांवर शिकवण्याची सवय सोडावी, असे मी सुचवतो. मुक्त सिम्युलेशन थोड्याच वेळात एका ठरावीक कंपविस्तारावर आणि एका ठरावीक कलांतरावर (बल आणि गती यांतल्या फेजच्या फरकावर) स्थिरावते. त्यानंतरचे शेकडो स्नॅपशॉट एकाच आवर्तनाच्या नकला असतात. लहान मॉडेलला त्या वर्तुळाबाहेर काय असते हे कधी दिसतच नाही, त्यामुळे ते किंचित ढळले की परत कसे यायचे हे त्याला ठाऊक नसते. त्याऐवजी संरचना बाजूला ठेवा आणि पाइलच्या छेदाला आपण ठरवलेल्या गतीने हलवा: दोन्ही दिशांना, वारंवारता आणि कंपविस्तार सावकाश बदलत जाईल अशा संकेताने. एका दीर्घ सिम्युलेशनमध्ये कित्येक अवस्था पाहून होतात. सर्व काही व्यास आणि वेगाने भागून परिमाणरहित केले, तर खडबडीत पृष्ठभागाच्या गृहीतकावर रेनॉल्ड्स अंकाचा परिणाम क्षीण होतो आणि वेगवेगळ्या वेगांसाठी वेगवेगळी सिम्युलेशने करण्याची गरजही बरीच कमी होते. थोडक्यात, वेग बदलणे म्हणजे पाइलची परिमाणरहित वारंवारता बदलणे, असे मानून चालता येते.

यातून मिळणारे लहान मॉडेल म्हणजे छेदाची गती आत आणि छेदावरचे बल बाहेर, असा एक खोका. माझा आग्रह असा की लहान करायची ती एवढीच बाजू. संरचनेला पीओडी लावू नका; पाइल ही तुळई आहे, तिचे पहिले तीन-चार नैसर्गिक मोड पुरेसे आहेत आणि ते भौतिक अर्थाने स्वच्छ आहेत. द्रवाचा वेग आणि तुळईचे विस्थापन एकाच सदिशात घालून केलेले पीओडी मी अनेक प्रबंधांत पाहिले आहे. मीटर आणि मीटर-प्रति-सेकंद यांची त्यात बेरीज होते आणि कोणाचे वजन किती हे एककांवर ठरते, याचे समर्थन कोणी देत नाही.

मॉडेल जोडताना वस्तुमानाचे गुणोत्तर दीड आहे हे विसरू नका. द्रव आणि संरचना आलटून पालटून एकदाच सोडवण्याच्या पद्धती अशा हलक्या संरचनेवर अस्थिर होतात, आणि कालपद लहान करून हा दोष जात नाही, हे कौसिन, जर्बो आणि नोबिले यांनी २००५ मध्ये दाखवून दिले. प्रीसाइसमध्ये आपण बहुधा प्रत्येक कालपदाला पुनरावृत्ती करत असाल, म्हणून तिथे हे जाणवले नसेल. लहान मॉडेलमध्ये ती काळजी आपली आपण घ्यायची आहे. बलातला प्रवेगाच्या प्रमाणात असणारा भाग वेगळा काढून सरळ तुळईच्या वस्तुमानात मिळवावा आणि उरलेलेच बल उजव्या बाजूला ठेवावे. बहुतेक वेळा एवढे पुरते.

व्हॅन डेर पोल दोलकाविषयी: हार्टलेन आणि करी यांनी १९७० मध्ये सुचवलेली आणि फाकिनेट्टी, दे लांग्र व बियोले यांनी २००४ मध्ये प्रवेगाच्या जोडणीने सुधारलेली ती मॉडेल्स आडव्या कंपनांसाठी चांगली आहेत आणि त्यांना संगणकाचा वेळ जवळजवळ लागतच नाही. १.२ ते १.४ या वेगांसाठी आपल्या मॉडेलशेजारी ते चालवून पाहावेच. आठ मोडचे मॉडेल दोन चलांच्या दोलकाला हरवत नसेल तर परीक्षक तोच प्रश्न विचारतील. मात्र प्रवाहाच्या दिशेतल्या कंपनांच्या पहिल्या टप्प्यात भोवरे पाइलच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी, समरूप सुटतात. डावे-उजवे आलटून पालटून सुटणारे भोवरे गृहीत धरलेल्या दोलकात ती अवस्था बसत नाही. म्हणजे धक्क्यावरच्या सरांनी दाखवलेल्या ज्या टप्प्यात थकव्याची बहुतेक आवर्तने पडणार, तिथेच तयार मॉडेल तोकडे पडते, आणि स्वतःचे लहान मॉडेल बांधण्याचे समर्थन आपल्याला तिथेच मिळते.

तपासणीसाठी कंपविस्तारावर विसंबू नका. प्रत्येक आवर्तनात द्रवाने पाइलला किती ऊर्जा दिली, म्हणजे बल आणि वेग यांच्या गुणाकाराचे आवर्तनभराचे संकलन, ते कंपविस्तार आणि वारंवारता यांच्या पटावर पूर्ण सिम्युलेशनमधून आणि लहान मॉडेलमधून काढून शेजारी शेजारी ठेवा. या पटावर ऊर्जा शून्य असणारी रेषा दोन्हींत एकाच जागी आली, तर अवमंदन नगण्य असलेल्या पाइलचा कंपविस्तार आपोआप बरोबर येईल.

उत्तर: भोवरा (सांकवाळ)

अनुनाद यांच्याशी सहमत आहे. गतीने हाकलेल्या सिम्युलेशनचा मुद्दा मीच आधी लिहायला हवा इतका महत्त्वाचा आहे. फक्त एक पुरवणी जोडतो. पावसाळ्यात आपल्या खाड्यांत वर गोडे पाणी आणि खाली खारे पाणी असे थर होतात आणि दोन्ही थरांचा वेग सारखा नसतो. त्यामुळे २५ मीटरच्या पाइलवर काही पट्ट्या लॉक-इनमध्ये असतील आणि काही नसतील. वरच्या पट्ट्या ऊर्जा देतील आणि खालच्या ती खातील. शिकवण्याच्या संकेतात म्हणूनच अशाही अवस्था घ्या ज्यांत पाइलची वारंवारता भोवऱ्यांच्या वारंवारतेपासून बरीच दूर आहे. लॉक-इनमधल्याच स्नॅपशॉटवर शिकलेले मॉडेल खालच्या पट्ट्यांचे अवमंदन कमी दाखवील आणि संपूर्ण पाइलचा कंपविस्तार फुगवून सांगेल.